तालमीच्या शहरात पाहुणा

कोल्हापूरला येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांचा दिवस ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, मग चप्पल लाइनला खरेदी, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ आणि रात्रीच्या गाडीने परत. यातलं काहीच वगळावं असं नाही. पण हे शहर ज्या गोष्टीसाठी देशभर ओळखलं गेलं, ती या दिवसात कुठे भेटतच नाही. ती गोष्ट म्हणजे अंगमेहनत. कुस्ती, फुटबॉल, मर्दानी खेळ, पोहणं, नेमबाजी, गडावरची पायपीट, हे सगळं इथे पेठेची रीत म्हणून वाढलं. पेठेला तालीम, तालमीला गणपती, गणपतीइतकीच लाडकी फुटबॉलची टीम, आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारे वस्ताद. अनेक तालमींत मोहरमचा पंजाही त्याच श्रद्धेने बसतो. पाहुण्याला यातलं पुष्कळ काही बघता येतं आणि थोडं काही करताही येतं. त्यासाठी एक मुक्काम वाढवायचा आणि पहाटे उठायचं.

पहाटेची पहिली जागा रंकाळा. संध्याकाळचा रंकाळा भेळवाल्यांचा आणि गर्दीचा असतो, पहाटेचा रंकाळा चालणाऱ्यांचा. साडेपाचच्या सुमारास टॉवरजवळ उभं राहिलं तर अंधारातून माणसांचे थवेच्या थवे येताना दिसतात. कानटोपी घातलेले निवृत्त शिक्षक, पोलीस भरतीची तयारी करणारी खेडेगावची मुलं, साडीवर बूट घालून झपाझप चालणाऱ्या बायका, आणि मोठ्या शर्यतीची तयारी करणारे, घड्याळाकडे बघत पळणारे धावपटू. तलावाची पूर्ण फेरी साधारण चार किलोमीटरची. इथे पूर्वी दगडाची खाण होती आणि भूकंपाने ती पाण्याने भरली, असं परंपरा सांगते. काठावरचा दगडी बांध, पाण्यात उभा असलेला संध्यामठ आणि पलीकडचा शालिनी पॅलेस यांमुळे फेरी कधी संपली ते कळत नाही. पाण्यात मात्र उतरू नये. सांडपाणी आणि केंदाळ यांच्याशी या तलावाची लढाई अनेक वर्षं चालू आहे, आणि इथल्या नागरिकांनी त्यासाठी वेळोवेळी आवाज उठवला आहे. ज्याला गर्दी नको, त्याने शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला जावं. १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परिसर साडेआठशे एकरांहून मोठा आहे. तिथली झाडी, पाखरं आणि मोकळे रस्ते सकाळच्या चालण्याला फार सुखाचे.

रंकाळ्याची फेरी झाली की पाय आपसूक गंगावेशीकडे वळवावेत. इथल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून उभ्या केलेल्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देतात. बाहेरच्या माणसाला याची मौज वाटते. पण या कट्ट्याचं मूळ जवळच्याच तालमींत आहे. पैलवानाला मेहनतीनंतर धारोष्ण दूध हवं असतं, म्हणून दूध तालमीच्या दाराशी आलं.

आता त्या तालमींविषयी जरा निवांतपणे बोलायला हवं, कारण कोल्हापुरात येऊन कोणी तालीम न पाहता गेलं की मला खरंच हळहळ वाटते.

गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग ही नावं कुस्तीच्या जगात दूरवर ठाऊक आहेत. बाहेरून इमारत साधी असते. आत शिरलं की आधी वास येतो, मातीचा आणि तेलाचा. खोलीच्या मधोमध जमिनीपेक्षा थोडा खाली गेलेला चौकोन असतो. हा हौदा. त्यातली लाल माती नुसती खणून आणलेली माती नव्हे. ती चाळून बारीक केलेली असते. तिच्यात काव, हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर असं बरंच काही मिसळलेलं असतं. त्यामागे अनुभवातून आलेला विचार आहे. तेलाताकाने माती मऊ राहते, पडल्यावर अंग सोलत नाही, आणि खरचटलंच तर हळदीचा उपयोग होतो अशी धारणा. दिवसचे दिवस पाय पडून माती घट्ट बसते, म्हणून पैलवान रोज फावड्याने हौदा खणतात. हे खणणं म्हणजे व्यायामाचाच भाग. खांदा, कंबर आणि मांडी त्यात एकदम कामाला लागते.

तालमीतला दिवस पहाटे चारच्या आसपास सुरू होतो. जोर, बैठका, सपाटे, दोरावर चढणं, मुद्गल फिरवणं, आणि मग हौद्यात उतरून लढत. वस्ताद कडेला बसून असतात. ते फार बोलत नाहीत. एखाद्याचा पाय चुकीच्या जागी पडला की नावानिशी एक शब्द टाकतात आणि तेवढ्याने काम होतं. ही मुलं सातारा, सांगली, सोलापूर, सीमाभाग अशा ठिकाणच्या शेतकरी घरांतून आलेली असतात. अनेकजण तालमीतच राहतात, आळीपाळीने स्वयंपाक करतात, बदाम घोटून थंडाई करतात. घरून येणारा खुराकाचा पैसा किती कष्टाने उभा राहतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. एका मुलाला पैलवान करायचं तर घरच्या गोठ्यातल्या दुधावर आणि दरवर्षीच्या उसाच्या बिलावर त्याचा पहिला हक्क मानला जातो. त्या मेहनतीत जी निकड दिसते, ती इथून येते.

पाहुण्याने तालमीत कसं जावं, याच्या काही रीती आहेत. आधी वस्तादांची किंवा तिथल्या एखाद्या मोठ्या पैलवानाची परवानगी घ्यावी. चपला दाराबाहेर काढाव्यात. आत मारुती असतोच, त्याला नमस्कार करावा. हौद्यात पाय ठेवू नये, पैलवानसुद्धा माती कपाळाला लावल्याशिवाय उतरत नाही. फोटो विचारून काढावेत, कारण मुलं लंगोटावर असतात आणि ते त्यांचं राहतं घर आहे. स्त्री पाहुण्यांनी आधी निरोप पाठवून विचारावं. जुन्या तालमी पुरुषांच्या निवासी जागा म्हणून वाढल्या, आणि काही ठिकाणी आजही तो संकेत पाळला जातो. जिल्ह्यात मुलींची कुस्ती मात्र आता चांगली रुजली आहे. मुरगूडसारख्या गावात मुली रोज आखाड्यात उतरतात. एखादा पाहुणा हौशी असेल आणि वस्तादांना त्याची तळमळ पटली, तर कडेला उभं राहून चार जोर, दहा बैठका काढू देतात. बैठक म्हणजे नुसतं उठणं-बसणं असा ज्याचा समज असेल, त्याला तालमीतल्या तालावर दहा काढल्यावर जिना उतरताना खरी बैठक कळते.

कोल्हापूरला हे वैभव आलं ते राजर्षी शाहू महाराजांमुळे. १८९४ ते १९२२ हा त्यांचा राज्यकाळ. महाराज स्वतः अंगाने भक्कम, कुस्तीचे जाणकार. त्यांनी पंजाबपासूनचे मल्ल पदरी ठेवले आणि तालमींना आश्रय दिला. १९०२ मध्ये ते युरोपच्या प्रवासाला गेले. रोममधलं प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार त्यांनी पाहिलं, आणि तशी जागा आपल्या रयतेच्या कुस्तीला असावी हे त्यांच्या मनात बसलं. त्यातून १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं.

भवानी मंडपापासून खासबाग चालत काही मिनिटांवर आहे, आणि तरीही हजारो पर्यटक त्याच्या बाहेरच्या खाऊगल्लीत खाऊन परत फिरतात. आत जाऊन बघावं. मधोमध हौदा, आणि त्याच्या भोवती वर्तुळात चढत गेलेला मातीचा उतार. वर छत नाही, मध्ये खांब नाही, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पुढच्याच्या डोक्यावरून हौदा दिसतो. रोमच्या वास्तूत दगडाचे मजले रचावे लागले. इथे मधली जमीन खोल घेऊन आणि भोवती भराव उचलून तेच साधलं. प्रेक्षक थेट मातीवर बसतो आणि पैलवान मातीत लढतो. हजारो माणसं इथे एका वेळी बसतात. लाउडस्पीकर नव्हते त्या काळात हलगीचा ठेका शेवटपर्यंत पोचायचा. भिंतीला भिंत लागून नाट्यगृह आहे, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेलं आणि पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखलं गेलेलं. एका बाजूला गाणं, एका बाजूला कुस्ती, दोन्हींना राजाश्रय. ऑगस्ट २०२४ मध्ये या नाट्यगृहाला आग लागली तेव्हा सगळं कोल्हापूर रात्री रस्त्यावर आलं होतं. या दोन वास्तू गावाला किती जवळच्या आहेत ते त्या रात्री दिसलं.

याच मातीवर मोठे झालेले मल्ल पुष्कळ. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे मूळचे एकसंब्याचे, पण घडले कोल्हापुरात. पाठोपाठ १९६० मध्ये हिंदकेसरी झालेले गणपत आंदळकर पुढे मोतीबाग तालमीचे वस्ताद म्हणून कित्येक पिढ्यांना शिकवत राहिले. आणि खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा राजाराम कॉलेजात शिकायला कोल्हापुरात आला. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. पुढच्या वेळी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, म्हणजे याच जिल्ह्याचा. २०१० साली विश्वविजेती झालेली तेजस्विनी सावंत आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी राही सरनोबत याही इथल्याच. नेमबाजी ही पाहुण्याने एका सकाळीत करून बघायची गोष्ट नाही. पण ज्या गावात प्राचार्य विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकतो, त्या गावात मुलीने बंदूक हातात घेतली तर घरचे पाठीशी उभे राहतात, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

कुस्ती प्रत्यक्ष बघायची तर शहराबाहेरच्या मैदानांना जावं. गुढीपाडव्यापासून पुढे गावोगावच्या यात्रा-जत्रा सुरू होतात आणि जत्रेला कुस्तीचा फड असतोच. डिसेंबरात वारणानगरचं मैदान भरतं, सांगली जिल्ह्यात कुंडलचं मोठं मैदान असतं. गावातल्या फडाला दुपारीच जाऊन बसावं. सुरुवात लहान मुलांच्या कुस्त्यांनी होते, त्यांना नारळ किंवा थोडी रक्कम मिळते. मग इनाम चढत जातं आणि शेवटची कुस्ती सांजवेळी लागते. हलगी, घुमकं आणि कैताळ यांचा ठेका कुस्ती रंगेल तसा चढत जातो. निवेदक माइकवरून पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, आधीच्या कुस्त्या सगळं तोंडपाठ सांगतो. त्याचं बोलणं ऐकलं की नवख्यालाही कुस्ती समजू लागते.

थोडे नियम ठाऊक असले तर आनंद दुप्पट होतो. मातीवरच्या निकाली कुस्तीत गुणांचा हिशेब नसतो. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावायची, चितपट करायचं, संपलं. त्यामुळे एखादी कुस्ती मिनिटात सुटते आणि एखादी अर्धा तास चालते. मोठ्या कुस्त्या लांबल्या तर शेवटी गुणांवर घेतात, पण प्रेक्षकांना ते रुचत नाही. पट काढला म्हणजे झपाट्याने खाली वाकून समोरच्याचे पाय धरले. धोबीपछाड म्हणजे पाठ वळवून त्याचा हात आपल्या खांद्यावरून ओढत त्याला उचलून समोर आपटणं. ढाक, एकलांगी, मोळी, कलाजंग, घिस्सा ही नावं कानावर पडतील, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारावं. तो हाताने करून दाखवतो. ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर होते, तिथे वेग आणि गुण यांना महत्त्व. म्हणून आता तालमींतही मॅट आली आहे, आणि पोरं सकाळी माती, संध्याकाळी मॅट असा सराव करतात. माती मागे पडेल अशी काळजी जाणत्यांना वाटते. मला ती काळजी रास्त वाटते, कारण मातीची कुस्ती गावाच्या पैशावर आणि गावाच्या टाळीवर जगते.

काळजीचं आणखी एक कारण शहरात फिरताना दिसतं. अनेक जुन्या तालमींच्या जागी आता दोन-तीन मजली इमारती आहेत. खाली हॉल, वर कार्यालय, दारावर मंडळाचा मोठा फलक. गणपती आहे, फुटबॉलची टीम आहे, पण हौदा बुजला आहे.

फुटबॉलची गोष्ट मात्र वेगळी, तो वाढतो आहे. महाराष्ट्रात क्रिकेटपुढे इतर खेळ दबले, कोल्हापुरात तसं झालं नाही. संस्थानकाळापासून इथे फुटबॉल आहे, छत्रपती घराण्याचा त्याला आधार आहे, आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची के.एस.ए., स्पर्धा भरवते. टीमची नावं वाचली तरी शहराचा नकाशा उलगडतो. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या घराने फुटबॉलला दत्तक घेतलं, असं दुसरीकडे क्वचित दिसेल. हिवाळ्यात हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत राजर्षी शाहू स्टेडियमवर सामने चालतात. तिकीट अगदी सामान्य माणसाला परवडणारं. मोठ्या सामन्याला दोन्ही पेठा आपापल्या गॅलरीत ठासून भरतात. आजोबा, नातू, घरच्या बायका, सगळे. नायजेरियासारख्या देशांतून आलेले खेळाडूही तालमींच्या टीममधून खेळले आहेत आणि पेठेने त्यांना घरच्या मुलासारखं वागवलं आहे. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

पाहुण्याने सामन्याला जावंच, पण कोणत्या गॅलरीत बसतो आहोत ते आधी विचारून घ्यावं. ईर्ष्या इथे खरी असते. कधी ती हाताबाहेर गेली आहे, सामने थांबवावे लागले आहेत. ज्यांना खेळावर प्रेम आहे त्यांना त्याचं दुःख होतं. स्वतः पायाला चेंडू लावायचा असेल तर शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर संध्याकाळी जावं. एकाच वेळी कितीतरी खेळ एकमेकांत न गुंतता चाललेले असतात. एखादा गडी कमी पडला की पोरं हाक मारतात.

मर्दानी खेळ बघायचे तर सण-उत्सवाचा मुहूर्त धरावा. शिवजयंती, शिवराज्याभिषेक दिन, गणेश विसर्जन अशा प्रसंगी आखाडे रस्त्यावर उतरतात. लाठी, फरीगदगा, विटा, दांडपट्टा. ही युद्धकला. तिचं शिक्षण वस्तादांनी पिढ्यानपिढ्या टिकवलं, आणि आज त्यात मुलींची संख्या मोठी आहे. दांडपट्ट्याची लवचीक पाती मनगटाच्या नव्हे तर सगळ्या हाताच्या जोरावर फिरते, कारण मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबणीत बंद असते. म्हणून पट्टेकऱ्याला पायांची चाल आधी शिकवतात, शस्त्र नंतर. जमिनीवर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने दोन तुकडे करताना पाहिलं की ते का, हे समजतं. काही आखाडे उन्हाळी सुट्टीत शिबिरं घेतात. मुलांना घेऊन मे महिन्यात आठवडाभर राहणाऱ्या कुटुंबाने चौकशी करावी. लाठी फिरवायला आठ-दहा वर्षांचं मूल सहज शिकतं.

पोहण्याचं थोडक्यात. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या पिढ्या इथे आहेत. २००८च्या ऑलिंपिकमध्ये गेलेला आणि २०१०च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवणारा वीरधवल खाडे कोल्हापूरचाच. पाहुण्यांनी मात्र नदीत उतरू नये. पावसाळ्यात पंचगंगा काय रूप घेते ते २०१९ आणि २०२१च्या महापुरांत अख्ख्या राज्याने पाहिलं. पोहायचंच असेल तर शहरातले जलतरण तलाव आहेत.

आता शहराबाहेर. सायकल चालवणाऱ्याला कोल्हापूर-पन्हाळा हा रस्ता पहिल्या भेटीतच आवडतो. अंतर वीसेक किलोमीटर. शिवाजी पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना उसाची शेतं, केर्लीपर्यंत रस्ता सरळ, वाघबिळापाशी चढ सुरू होतो आणि मग गडाच्या पायथ्यापासून वळणं दमवू लागतात. पन्हाळा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच आहे. कोल्हापूर स्वतःच सतराशे-अठराशे फुटांवर वसलेलं असल्यामुळे प्रत्यक्ष चढ साधारण बाराशे-तेराशे फुटांचा पडतो. रोजचा सराव नसलेल्याने मध्ये दोनदा थांबावं, घाई करू नये. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी या रस्त्यावर सायकलस्वारांची रांग असते. इथे अनोळखी माणसाची पंक्चरही काढून देतात. स्वतःची सायकल गाडीवर टाकून आणणं उत्तम.

गडावर पोचल्यावर सायकल लावावी आणि पायी फिरावं. सात किलोमीटरच्या आसपास तटबंदी आहे. तीन दरवाजा, तीन मजल्यांची अंधारबाव, गंगा-यमुना-सरस्वती नावांची प्रचंड धान्यकोठारं असलेला अंबरखाना, सज्जा कोठी, पुसाटी बुरूज. गाडीने गड बघणारा या ठिकाणांमध्ये फक्त उतरतो आणि चढतो. पायी फिरणाऱ्याला अंबरखान्यापासून तटापर्यंतचं अंतर कळतं, आणि वेढा पडल्यावर एवढ्या परिघावर किती माणसं पहाऱ्याला लागली असतील याचा विचार मनात येतो. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत पन्हाळा आहे. त्यामुळे गर्दी वाढणार. तटावर नाव कोरणारा आणि बुरुजावर बाटली फोडणारा पर्यटक या गडाला नको आहे, हे इथे स्पष्ट लिहिलेलं बरं.

चैत्रात येणाऱ्याने वाडी रत्नागिरीचा जोतिबा चुकवू नये. केर्लीहून वर रस्ता जातो, आणि भाविक आडवाटांनीही डोंगर चढतात. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत गावोगावच्या सासनकाठ्या येतात. चाळीस-पन्नास फुटांची काठी एकट्याने कमरेच्या पट्ट्यावर तोलायची आणि ढोलाच्या ठेक्यावर नाचवायची, चारी बाजूंनी दोर धरणारे गडी तिला सांभाळतात. ती भक्तीच आहे, पण जो काठी तोलतो त्याच्या मांड्या आणि पाठ बघितली की या मुलखात भक्तीलाही तालीम लागते हे दिसतं. दाजीपूरलाही अनेकजण जातात. १९५८ पासूनचं हे गव्यांचं अभयारण्य फार सुंदर आहे, पण तिथला बराचसा फेरफटका गाडीतूनच होतो आणि पावसाळ्यात ते बंद असतं.

पावसाळ्यात, कुस्तीचे फड आणि फुटबॉल दोन्ही थांबलेले असताना, या भागातली सर्वांत मोठी पायपीट सुरू होते. पन्हाळा ते पावनखिंड. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. १२ जुलैच्या रात्री, भर पावसात, शिवाजी महाराज राजदिंडीने गडाखाली उतरले. त्यांच्याऐवजी पालखीत बसून शत्रूच्या हाती गेलेल्या शिवा काशिदाने प्राण दिला. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी पाठलाग रोखून धरला आणि महाराज विशाळगडावर पोचले. तीच खिंड पुढे पावनखिंड झाली.

दरवर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रभरातून लोक येऊन त्याच वाटेने चालतात. राजदिंडीने उतरायचं, म्हाळुंग्यावरून मसाई पठार गाठायचं, मग खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशा वाड्यांतून पांढरपाणी आणि तिथून खिंड. पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस. मावळ्यांनी ते अंतर रात्रीतून आणि पुढच्या सकाळी कापलं, पालखी खांद्यावर घेऊन. मसाई पठारावर धुकं उतरलं की चार हातांवरचा माणूस दिसत नाही, म्हणून वाट माहीत असलेल्यांच्या सोबतच चालावं. भातखाचरांच्या बांधावरून पाय घसरतो, जंगलात जळवा लागतात, ओढे दुपारनंतर फुगतात. नवे बूट घालून जाऊ नये. चांगली पकड असलेले, पायाला रुळलेले बूट, हातात काठी, प्लास्टिकमध्ये बांधलेले कोरडे कपडे आणि जळवांसाठी मीठ किंवा तंबाखू, एवढं जवळ असावं. मुक्काम वाड्यांमधल्या शाळांत किंवा घरांत होतो. नाचणीची भाकरी आणि आमटी मिळते, तिचे पैसे आपण होऊन नीट द्यावेत. त्या माणसांनी भातलावणीच्या ऐन गडबडीत चूल पेटवलेली असते.

गर्दीचे गट टाळायचे असतील तर जुलैचा मध्य सोडून ऑगस्टच्या शेवटी जावं. पाऊस कमी झालेला असतो, पठारावर फुलं यायला लागलेली असतात आणि वाटही मोकळी मिळते. चालून आलेल्यांसाठी परतीची सोय पांढरपाण्याहून मलकापूरमार्गे आहे. मलकापूर ते कोल्हापूर एसटी मिळते, पण संध्याकाळच्या गाड्या कमी असतात, तेव्हा खिंडीत दुपारपर्यंत पोचण्याच्या बेतानेच दुसऱ्या दिवशी पहाटे निघावं.